सातजणींचा पूर्वार्ध

आमच्या महाविद्यालयात मुलींचा फुटबॉल संघ सुरू झाला, त्या वर्षी मी गणित शिकवत होते; आजही तेच शिकवते. खेळाशी माझा संबंध तोवर एवढाच होता, की वार्षिक क्रीडामहोत्सवात शंभर मीटरच्या शर्यतीची वेळ नोंदवायला मला बसवत. माझे घड्याळ बरोबर असते आणि मी कोणालाही अर्ध्या सेकंदाची सूट देत नाही, ही त्याची दोन कारणे. त्या जूनमध्ये क्रीडाशिक्षकांची जागा रिकामी झाली आणि लवकर भरली गेली नाही. त्याच सुमारास द्वितीय वर्षातील शेळगावची एक मुलगी चौदा सह्यांचा अर्ज घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“मॅडम, आमाला फुटबॉल खेळायचाय. प्राचार्य सर म्हणले, कुणीतरी शिक्षकांनी जबाबदारी घेतली तरच परवानगी.”

“मला फुटबॉल येत नाही.”

“आमाला तरी कुठं येतोय?” ती म्हणाली. “बरोबरच शिकू की.”

चौदा सह्या तिने वर्गावर्गात फिरून गोळा केल्या होत्या. मी सह्या तपासल्या. सगळ्या वेगवेगळ्या अक्षरांत होत्या, म्हणजे खऱ्या होत्या. मी अर्जाखाली माझी सही केली आणि तो घेऊन प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्य शांत गृहस्थ होते, पण एक जुना सल त्यांच्या मनात होता. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाने हॉकी संघाचे नाव आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नोंदवले आणि सामन्याच्या दिवशी संघ मैदानावर पोहोचलाच नाही. प्रतिस्पर्ध्याला न खेळता पुढे चाल मिळाली आणि प्राचार्यांना भर बैठकीत चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या.

“मॅडम, हरलात तरी चालेल,” ते म्हणाले. “दहा गोलांनी हरा. मी शब्दाने विचारणार नाही. पण नाव नोंदवून न खेळणं मला चालणार नाही. एका सामन्यात जरी समोरच्यांना पुढे चाल दिली, तरी त्याच दिवशी संघ बंद. एकही दिली नाही, तर संघ कायमचा.”

ही अट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आणि मुलींना वाचून दाखवली. शेळगावची, जी आता अर्थातच कर्णधार होती, म्हणाली, “एवढंच ना? जायचं आन् खेळायचं. त्यात काय अवघड हाय?”

त्यातले अवघड काय, ते आम्हाला सप्टेंबरमध्ये समजले.

चौदापैकी तिघी पहिल्या पंधरवड्यातच गळल्या. एकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. एकीचा गुडघा दुखावला. तिसरीला पळायला आवडत नव्हते. हे तिला पळल्यानंतर कळले. उरल्या अकरा. फुटबॉलच्या संघात अकराच खेळाडू असतात, त्यामुळे बेरीज जुळली असे कोणाला वाटेल. परंतु राखीव खेळाडू एकही नसणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी एकच मोटार विहिरीवर आहे त्यांना सांगावे लागत नाही.

मैदान मिळाले ते महाविद्यालयाच्या कुंपणाला लागून असलेले एक रान. मालकाने खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, मोडला होता आणि नवी लागण दिवाळीच्या पुढे करायची होती. तोवर त्याने ते आम्हाला वापरू दिले. आठवडाभर आम्ही उसाची खोडकी वेचली. मी टेप लावून लांबीरुंदी मोजली, काटकोन तपासायला तीन-चार-पाचचा त्रिकोण दोरीने आखून दाखवला आणि फक्कीच्या रेषा मारून घेतल्या. (ज्या मुलीने हा त्रिकोण जमिनीवर एकदा आखला आहे ती तो परीक्षेत विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.) गोलाचे खांब बोअरच्या जुन्या पाइपांचे, आणि जाळी डाळिंबाच्या बागेवरून उतरवलेल्या हिरव्या शेडनेटची.

पहिला सरावसामना बारामतीच्या एका संघाशी झाला. आम्ही सात-शून्य असे हरलो. चेंडू जिथे, तिथे आमच्या दहाही मुली. गोलरक्षक तेवढी एकटी मागे, हात पसरून. ती काटेवाडीकडची, तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरे होती. “मॅडम,” सातवा गोल झाल्यावर ती मला म्हणाली, “पन्नास मेंढरं एकदम खिंडीतनं आली तरी मी अडवीन. पर हितं आमचीच मेंढरं माझ्या अंगावर याय लागलीत.”

परतीच्या एसटीत मुली खिडक्यांना डोकी टेकून बसल्या होत्या. मी नियमपुस्तकातील आकृत्या चाळत होते, आणि त्यातले बाण मला कळत होते. मुलींना कसे सांगावे तेवढे कळत नव्हते. ते कर्णधाराने सांगितले. ती सीटवर उलटी वळून बसली आणि सगळ्यांना म्हणाली,

“ए बायांनो, दारं धरलंय ना सगळ्यांनी?”

आमच्या भागात दारं धरणे म्हणजे उसाला पाणी देणे. पाटाचे पाणी वरंब्यांमधल्या एकेका सरीत सोडायचे, सरी भरली की खोऱ्याने मातीचा बांध घालून ती बंद करायची आणि पुढची उघडायची. दहाजणींनी माना हलवल्या.

“पाणी फुटलं तर त्याच्या मागं पळता का कवा?”

“न्हाय.”

“का न्हाय?”

“घावतंय व्हय पाणी मागं पळून?” कळंबची एक म्हणाली. “फुडं जाऊन बांध घालायचा.”

“मग आज काय करत होता गं सगळ्या?”

एसटीत पहिल्यांदा हसू फुटले. मी नियमपुस्तक मिटले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या सरावाची भाषाच बदलली. चेंडू कुठे आहे हे पाहायचे नाही, तो पुढे कुठे जाईल हे पाहायचे. आणि तिथे आधी जाऊन उभे राहायचे. ही गोष्ट मी बाण काढून महिनाभर शिकवली असती. त्यांना ती लहानपणापासून येत होती, फक्त मैदानावर वापरायची असते हे ठाऊक नव्हते.

स्पर्धेतला पहिला सामना आम्ही एक-शून्य जिंकला. दुसरा दोन-शून्य. दोन्हींत तिन्ही गोल कळंबच्या त्याच मुलीचे, जी एसटीत बोलली होती. ती बारीक अंगाची, कमी बोलणारी, आणि डाव्या पायाने मारणारी होती. उपांत्य फेरीतला सामना बारामतीत, ज्यांनी आम्हाला सात गोल मारले होते त्यांच्याशीच ठरला.

आता माझी चूक सांगते. अकरापैकी चौघी कळंबच्या, आणि चौघींची रानं एकाच चारीवर, म्हणजे कालव्याच्या एकाच लहान फाट्यावर, एकाखाली एक. कालव्याचे आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, सुटले, की या चौघींच्या घरी पाण्याचा नंबर लागणार, हे मला ठाऊक होते. म्हणून मी आधीच प्रत्येकीकडून मागच्या आवर्तनाच्या तारखा घेतल्या, आलेखकागदावर तक्ता केला, दिवसांचे अंतर काढले, आणि सामन्याच्या दिवसाशी नंबर जुळत नाही, दोन दिवसांचे अंतर आहे, याची खात्री करून घेतली. तक्ता सुबक झाला होता. मी तो खेळाच्या कपाटाच्या आतल्या बाजूला डकवला.

सामन्याच्या दिवशी सकाळी सात वाजता कर्णधाराचा फोन आला.

“मॅडम, कळंबच्या चारीला पाणी आलंय.”

“ते परवा येणार आहे.”

“वरच्या अंगाला काल पाऊस झाला. वरची लोकं पाटकऱ्याला म्हणली, आमाला पाणी नको. मग पाणी खाली सरकलं.”

पाटकरी म्हणजे कालव्याचे पाणी वाटून देणारा माणूस. तो माझ्या तक्त्याप्रमाणे चालत नसतो. पाणी तारखेने येत नाही, वरच्याचे झाले की येते. जिने आयुष्यभर मुलांना ‘गृहीत धरलेले आधी तपासा’ असे सांगितले, तिने हे तपासले नव्हते.

“घरची दुसरी माणसं नाहीत का?” मी विचारले.

“मॅडम, आज कारखान्याची सभा हाय की. सगळे सभासद तिकडं.”

साखर कारखान्याची वार्षिक सभा. चौघींचे वडील, चुलते, आजोबा सकाळीच टोप्या घालून निघून गेले होते. घरी उरल्या आया आणि मुली. दारं धरायला दोन माणसे लागतात: एक चारीच्या तोंडाशी आणि एक सऱ्यांवर. आई तोंडाशी, मुलगी सऱ्यांवर. जुलैत लागण केलेला ऊस होता, कोंब वीतभर वर आलेले. हा नंबर चुकवला तर पुढच्या आवर्तनापर्यंत थांबायचे. कोणाही शिक्षिकेला ‘रान सोडून ये’ असे म्हणायचा अधिकार नव्हता. मी म्हटले नाही.

आयोजकांना मी फोन केला. सामना दुपारी दोनला आहे तो दोनलाच होईल, असे उत्तर आले. मग मी प्राचार्यांना कळवले. 

“मॅडम, अट तुम्हाला माहीत आहे,” ते म्हणाले.

“माहीत आहे सर. आम्ही सामना सोडत नाही.”

फोन ठेवून मी नियमपुस्तक उघडले. संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही. अकरातून चार वजा केले की सात उरतात. हे गणित पहिलीतले आहे, पण मी ते कागदावर मांडून पाहिले. त्याच्या पुढेच दुसरा नियम होता: ज्यांची नावे सामन्यापूर्वी यादीत दिली आहेत, त्या खेळाडू उशिरा आल्या तरी पंचांच्या परवानगीने मैदानात उतरू शकतात.

मी यादीत अकराही नावे लिहिली, सुवाच्य अक्षरात, आणि आठजणी एसटीने बारामतीला निघालो. आठ म्हणजे सात खेळाडू आणि मी.

पंच मध्यमवयीन होते. त्यांनी आमची यादी पाहिली, मग मुली मोजल्या, मग पुन्हा यादी पाहिली.

“बाकीच्या?”

“येत आहेत.”

“कधी?”

“पाणी संपलं की.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. बहुधा तेही आमच्याच भागातले असावेत. त्यांनी यादी सहीसाठी माझ्याकडे परत दिली. समोरच्या संघाचे प्रशिक्षक मात्र जवळ आले आणि सौजन्याने म्हणाले, “मॅडम, मुलींना कशाला त्रास? पुढे चाल देऊन टाका. पुढच्या वर्षी पूर्ण संघ घेऊन या.”

“पुढे चाल दिली तर पुढचं वर्ष नाही,” मी म्हटले, आणि यादी पंचांच्या हातात दिली.

शिट्टी वाजली. त्या शिट्टीने आमचा संघ वाचला, हे मला आणि सातजणींना माहीत होते. बाकी कोणाला नव्हते. सामना सुरू झाला म्हणजे आम्ही तो सोडला नाही. आता दहा गोल झाले तरी चालणार होते. पण कर्णधाराला ते चालणार नव्हते.

तिने सातजणी अशा लावल्या: गोलरक्षक, तिच्यापुढे चौघी, त्यांच्यापुढे दोघी. मधले सगळे रान मोकळे सोडले. “तिथं खेळू द्या त्यास्नी,” ती म्हणाली. “तोंडं तेवढी बंद करा. कुणी बी पळायचं न्हाय. मी सांगंपतूर कुणी पळालं तर बघा.”

मैदानाच्या कडेला बारामतीची पाचपन्नास पोरे बसली होती. त्यांतल्या एकाने हाक दिली, “ओ गोलकीपर, बाकीच्या कुठं हायत? पेपरला बसल्यात का?”

गोलरक्षकाने चेंडूवरची नजर न काढता उत्तर दिले, “दारं धरत्यात! तुझ्या चहात साखर कुठनं पडती मग?”

पोरे हसली, आणि त्यानंतर त्यांतली निम्मी आमच्या बाजूने ओरडू लागली.

पूर्वार्ध चाळीस मिनिटांचा होता. मी प्रत्येक मिनिट नोंदवले. समोरच्यांचे अकरा फटके गोलाकडे आले. त्यांतले सहा आमच्या चौघींच्या पायांना लागून परत गेले, चार गोलरक्षकाने अडवले. अकरावा, एकतिसाव्या मिनिटाला, खांबाच्या आतून गेला. एक-शून्य. कर्णधाराने चेंडू जाळीतून काढला, मध्यावर नेऊन ठेवला आणि माझ्याकडे पाहून हाताने विचारले: किती? मी उरलेल्या मिनिटांची नऊ बोटे दाखवली.

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा मुली जागच्या जागी बसल्या. मी पाणी दिले.  आणि तेवढ्यात फाटकातून दुधाचा टेम्पो आत आला.

तो कळंबकडून बारामतीला दूध आणणारा टेम्पो होता. मागे कॅनच्या मध्ये तीन मुली बसल्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, संघाचे निळे शर्ट अंगात. सकाळपासून त्यांची रानं एकापाठोपाठ भिजून झाली होती.

“चौथी?” कर्णधाराने विचारले.

“तिचं रान शेवटचं. सांजंपतूर चालंल.”

“तुमच्यातली एक का न्हाय राह्यली तिच्या जागी?”

“म्हणलो की आमी! ऐकती व्हय ती?” त्यांतली एक म्हणाली. “म्हणली, रान माझं हाय, पाणी मी धरीन. तुमी तिघी जावा. कुणी बी थांबली तरी जाणाऱ्या तिघीच, धा त्ये धाच.”

आमचे तिन्ही गोल जिने केले ती येणार नव्हती. पण तिचे गणित बरोबर होते. पंचांनी तिघींची नावे यादीशी ताडून पाहिली, त्यांचे बूट तपासले, आणि त्या मैदानात उतरल्या. पायावरचा चिखल पुसायला वेळ झाला नव्हता.

उत्तरार्धात मैदानावर दुसरेच काही घडले. समोरच्या मुली चाळीस मिनिटे मोकळ्या मैदानात पळून दमल्या होत्या. आमच्या सातजणी जागेवर उभ्या राहून तेवढ्या दमल्या नव्हत्या. कर्णधाराने आता पहिल्यांदा “पळा!” म्हटले. पन्नासाव्या मिनिटाला कळंबच्या एकीने उजवीकडून चेंडू आत टाकला, गर्दीत तो कोणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि रेषेपलीकडे गेला. गुडघा कोणाचा यावर आमच्या संघात अजून वाद आहे. एक-एक.

शेवटची सहा मिनिटे उरली असताना चेंडू पुन्हा उजव्या बाजूला गेला आणि सगळे मैदान तिकडे सरकले. मी पाहिले, कर्णधार एकटी डावीकडे चालत निघाली होती. पळत नव्हती, चालत होती. चेंडू तिच्यापासून पन्नास पावले दूर होता. मग तो दोन पायांमधून, एका डोक्यावरून, एका चुकलेल्या लाथेवरून वाट काढत डावीकडे घरंगळत आला, आणि जिथे आला तिथे ती आधीच उभी होती. तिने तो हळूच, जवळजवळ सौम्यपणे, जाळीत ढकलला.

दोन-एक. उरलेली सहा मिनिटे मी नोंदवली नाहीत. माझ्या वहीत तिथे नुसती एक वाकडी रेघ आहे.

क्रम मोडून इथेच सांगते, की अंतिम सामना आम्ही अकराजणी खेळलो आणि दोन गोलांनी हरलो. प्राचार्यांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला, “किती ठिकाणी पुढे चाल दिली?” मी म्हटले, “एकाही नाही.” त्यांनी शिपायाकडून कागद मागवला आणि संघ कायम ठेवल्याचे माझ्यासमोर लिहून दिले. तो संघ आजही आहे. त्याला आता राखीव खेळाडूही आहेत. पण मला सांगायची आहे ती त्या उपांत्य सामन्याच्या दिवसाची संध्याकाळ.

दुधाचा टेम्पो रिकामे कॅन घेऊन परत निघाला होता. चालकाने विचारले, “मॅडम, सोडू का वाटंत?” आम्ही अकराजणी, मी धरून, कॅनच्या मध्ये बसलो आणि कोणी ठरवले नव्हते तरी सगळ्या कळंबला उतरलो. ऊन कलले होते. चारीच्या कडेने चालत गेलो. तोंडाशी चौथीची आई उभी होती. तिने रानाकडे बोट केले.

ती सऱ्यांच्या टोकाशी खोरे घेऊन वाकलेली होती. पावलांचा आवाज ऐकून तिने वर न बघताच विचारले, “कोण हाय?”

“आमी,” कर्णधार म्हणाली.

“खेळला का?”

“खेळलो.”

“किती झालं?”

“दोन-एक.”

खोरे थांबले. पाणी तेवढे खळखळत होते.

“दोन कुणाचं?”

“आपलं.”

ती ओरडली नाही. समोरची सरी भरत आली होती. तिने दोन खोरी माती टाकून ती नीट बंद केली, पायाने दाबली, पुढची उघडली, पाणी वळले की नाही ते पाहिले. मग खोरे टाकले आणि दोन्ही हात वर करून बांधावरून आमच्याकडे अशी धावत सुटली, की तीन महिन्यांच्या सरावात मी तिला इतक्या वेगाने धावताना पाहिले नव्हते.

बऱ्याच वेळाने, सगळ्यांचे सगळे सांगून झाल्यावर, आठ सऱ्या बाकी आहेत असे तिच्या लक्षात आले. दहाजणी बूट काढून रानात निघाल्या. मीही चपला काढल्या.

“अगं, कोंब तुडवाल!” ती मागून ओरडत होती. “वरंब्यावरनं चाला, वरंब्यावरनं! मॅडम, तुमी बी!”